रोख बाजाराला, उधार घरच्याला



आज मला एका बंद पडलेल्या दुकानाविषयी बोलायचे आहे. पनवेलच्या आमच्या वस्तीच्या नाक्यावर आपल्याच एका तरुणाने किराणा मालाचे दुकान घातले होते. नोकरी मिळेना, म्हणून आईचे डोरले गहाण टाकून त्याने माल भरला. उद्घाटनाच्या दिवशी आपण सर्वांनी त्रिसरण-पंचशील म्हटले, त्याची पाठ थोपटली, पेढे खाल्ले. दोन वर्षांत दुकानाला कुलूप लागले. त्याची उधारीची वही उघडली, तेव्हा तिच्यात परक्याचे एकही नाव नव्हते. सगळी नावे आपली होती, आणि त्यांत माझेही एक होते.

मी शिक्षक. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा माणूस. पगार हाती पडला की पिशवी घेऊन मी मोठ्या बाजारात जाई आणि तेथे रोख पैसे मोजी. वीस तारखेनंतर हात आखडला की मुलाला चिठ्ठी देऊन नाक्यावर पाठवी. तो आपला, तो नाही कसा म्हणेल? रोख बाजाराला आणि उधार घरच्याला, असा हा आमचा सुशिक्षितांचा हिशेब! मी पुढे माझी बाकी चुकती केली. परंतु तोवर दुकान बुडाले होते.

बंधूंनो, दुकानाचे दार बंद होणे म्हणजे काय, हे आपल्या वाडवडिलांना सांगावे लागत नव्हते. मुंबई सरकारने 1928 साली नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सभासद होते. या समितीच्या 1930 च्या अहवालात बहिष्काराचे वर्णन आहे. अस्पृश्यांनी माणुसकीचा हक्क मागितला की त्यांची वाट अडवली जाई, कसायला दिलेली जमीन काढून घेतली जाई, आणि गावचा वाणी त्यांना जिन्नस विकणे बंद करी. पनवेलवरून जो रस्ता कोकणात उतरतो, त्याच रस्त्यावर महाड आहे. मार्च 1927 मध्ये तेथे परिषद भरली, तेव्हा हजारो लोकांच्या पिण्याच्या पाण्यासाठी 40 रुपये मोजावे लागले होते. तळे गावात होते, पाणी निसर्गाचे होते, तरी आपल्याला ते विकत घ्यावे लागले!

आणि आपण विकायला बसलो, तर? 1917 साली परदेशातून परतल्यानंतर खुद्द बाबासाहेबांनी मुंबईत शेअरच्या व्यवहारांचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्ला देणारा अस्पृश्य आहे असे कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली. ज्ञानात उणीव नव्हती, उणीव होती ती गिऱ्हाइकाची. उलट उदाहरण कोल्हापूरचे. गंगाराम कांबळे यांनी हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून मार खाल्ला. शाहू महाराजांनी त्यांना चहाचे हॉटेल घालून दिले. पण महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. ते स्वतः तेथे गाडी थांबवून चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजीत. भांडवल देणे सोपे असते. गिऱ्हाईक होणे अवघड असते. महाराज गिऱ्हाईक झाले!

तथागतांनी दुकानदाराचीही गोष्ट सांगितली आहे. अंगुत्तर निकायातील पापणिक सुत्तात ते म्हणतात की तीन गुणांनी युक्त दुकानदाराची लवकरच भरभराट होते. पहिला गुण, त्याला डोळे असतात, म्हणजे माल कितीला घेतला, कितीला विकावा, नफा किती, हे तो जाणतो. दुसरा गुण, तो खरेदी-विक्रीत कुशल असतो. तिसरा गुण, त्याला आधार असतो. पैसेवाले गृहस्थ त्याची लायकी पाहून म्हणतात, हे धन घे, व्यापार कर, बायकामुले पोस आणि वेळोवेळी आमचे परत कर. उपासकांनो, नीट पाहा. पहिले दोन गुण दुकानदाराने मिळवायचे आहेत. तिसरा मात्र त्याच्या हातात नाही, तो समाजाच्या हातात आहे. नाक्यावरच्या त्या पोराजवळ पहिले दोन होते. तिसरा आपण दिला नाही.

कोणी म्हणेल, "गुरुजी, आपल्या दुकानात माल महाग पडतो." खरे आहे. पण का महाग पडतो? त्याचे भांडवल आपल्याच उधारीत अडकलेले असते. म्हणून तो घाऊक बाजारात पोते उचलू शकत नाही, पाच-दहा किलो आणतो आणि चढा भाव देतो. म्हणजे त्याची महागाई आपणच निर्माण करतो आणि तिचेच निमित्त करून त्याला सोडतो.

दुसरा कोणी विचारील, "हा जातीयवाद नव्हे काय?" नव्हे. जात दार बंद करते. आपल्या दुकानाचे दार सर्वांना उघडे असावे. आपल्याला कोणावर बहिष्कार घालायचा नाही. ते दुःख आपण भोगले आहे. शेजारचा आगरी भाजीवाला, कोळीण मावशी, मुसलमान शिंपी हेही याच गावचे कष्टकरी आहेत. त्यांच्याकडे गेलेला रुपया गावातच फिरतो. कधी आपल्या रिक्षावाल्याकडे येतो, कधी शिकवणी घेणाऱ्या आपल्या मुलीकडे. मॉलमध्ये किंवा मोबाईलवरच्या खरेदीत गेलेला रुपया मात्र बहुतेक गावाबाहेर जातो.

दुकानदार बंधूंनाही दोन शब्द. "मी आपला" एवढ्या भांडवलावर बसू नका. माप चोख ठेवा, दुकान वेळेवर उघडा, रोजचा जमाखर्च लिहा. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे भगवंतांनी सांगितले आहे. नफ्यासाठी गुटख्याच्या पुड्या लटकवणारा माणूस आपला असला, तरी त्याचे दुकान धम्माचे नव्हे.

सिगालोवाद सुत्तात कमाईचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगाला, दोन व्यवसायाला, एक संकटकाळाला. आपण मात्र चारही भाग लग्नाच्या मांडवात आणि डीजेच्या भिंतीपुढे उधळतो. येत्या 14 एप्रिलला मंडप, छपाई, मिठाई, निळ्या पताका यांची कामे आपल्याच गावच्या कारागिरांना द्या आणि पैसे त्याच दिवशी चुकते करा. घरी गेल्यावर आज एवढेच करा. कोणाच्या वहीत आपले नाव आहे, ते आठवा. उद्या जाऊन ते खोडून घ्या. पंचशीलातले दुसरे शील, न दिलेले घेणार नाही, हे आपण रोज म्हणतो. वर्षानुवर्षे न फेडलेली उधारी त्या शीलात बसते काय, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

तो तरुण आता दुसऱ्याच्या गोदामात हमाली करतो. वाटेत भेटला की अजूनही मला "जय भीम, गुरुजी" म्हणतो. त्याला उत्तर देताना माझी मान खाली जाते. तुमची जाऊ नये, म्हणून हे लिहिले.

भवतु सब्ब मंगलं!