कानांची साक्ष

आमच्या भावोजींनी निवृत्तीच्या पैशांतून ४० हजारांची वायर आणली. घराला नव्हे, अ‍ॅम्प्लिफायरला! भिंतीच्या सॉकेटपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत, लांबी दीड मीटर, जाडी अजगराएवढी.

कुमार गंधर्वांची रेकॉर्ड लावून त्यांनी विचारलं, "काय रे, स्वर मोकळा झालाय ना?"

आता मी पडलो बी.कॉम. त्यात हातात ताईच्या साबुदाण्याच्या खिचडीची बशी. म्हटलं, "वा! तंबोरा शेजारी बसून छेडल्यासारखा!" गंमत म्हणजे मला तसं खरंच ऐकू आलं.

एवढ्यात ताई आतून म्हणाली, "अहो, कपाटामागं झाडताना ती जाडी वायर मी काढून ठेवलीय. जुनीच लावलीय."

घरी येऊन मी विचारात पडलो. मैलोन्‌मैल साध्या तारांतून आलेली वीज शेवटच्या दीड मीटरमध्ये काय सुधारणार? शिवाय अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर, कपॅसिटर ही मंडळी तिची ५० हर्ट्‌झची उलटसुलट धाव सरळ करायलाच बसलेली असतात. शेजारचा मिक्सर सुरू झाला की स्पीकर खरखरत असेल, तर लाइन फिल्टरचा उपयोग होऊ शकतो. पण खरखर नसेल तर गाळायचं काय?

मग मी खोटं बोललो का? नाही. खोटी साक्ष कानांनी दिली, मी फक्त खाली सही केली. आणि भावोजींचा आनंद तर खराच होता. तो कशाला मोडा?

पुढच्या रविवारी त्यांचा फोन आला. "७० हजारांचा लाइन फिल्टर बघतोय. तू ये, तुझे कान तयार आहेत."

आता गप्प राहिलो असतो तर ती माणुसकी नव्हे, दलाली झाली असती. बँकेत गिऱ्हाईक कितीही सज्जन असो, आम्ही नोटा मोजूनच घेतो. त्यात अविश्वास नसतो. म्हटलं, "भावोजी, आधी कान मोजू. आपण पाठ करून बसू. ताई दर वेळी नाणं उडवून वायर लावील, दहा वेळा. ओळखली तर फिल्टर घ्या."

मी पाच वेळा बरोबर आलो, भावोजी चार. नाण्यालाही एवढे मार्क पडले असते!

भावोजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेलो तर रेकॉर्ड चालू होती. या खेपेला त्यांनी काही विचारलं नाही. डोळे मिटून ऐकत होते.

अजगरावर ताई हल्ली रुमाल वाळत घालते. दीड मीटरवर धोतर मावत नाही.