नटण्याचा अधिकार

सन २०२३ च्या जूनअखेर ‘बाईपण भारी देवा’ हा बोलपट प्रदर्शित झाला, आणि ठिकठिकाणच्या कुलीन स्त्रिया नऊवारी नेसून, नाकात नथ व डोळ्यांवर काळे चष्मे घालून जथ्याने चित्रपटगृहात जाऊ लागल्या. पडद्यावर मंगळागौरीचे खेळ रंगले की त्याही गात फेर धरीत. यास कोणी पोरकटपणा म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. मंगळागौरीत निव्वळ प्रेक्षक असा कोण असतो? पाहणारीलाच पुढच्या खेळाला ओढावयाचे. खुर्चीने हिरावलेली जागा बायकांनी परत घेतली, इतकेच.

आमची शंका निराळी आहे. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे तमाशाचे माहेर. पाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या पडतात आणि जुन्नर-आंबेगावचे गावकरी यात्रेची सुपारी देऊन जातात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर तेथल्याच. खेळ चालू असता पडद्यामागे प्रसूत होऊन त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्रास ठाऊक आहे. त्यांच्या नावे आज शासन पुरस्कारही देते. परंतु ज्या पांढरपेशा घरांतून आज नऊवारी मिरवीत बायका निघतात, त्याच घरांनी तो साज पोटासाठी चढविणारीस उंबरठ्याआत कधी घेतले नाही. हौसेने नटली ती रसिक, आणि पोटासाठी नटली ती उठवळ, हा निवाडा कोणत्या न्यायाने?

येत्या चैत्रात मंचरच्या भगिनींनी तीच लुगडी नेसून एखाद्या फडापुढे पहिल्या रांगेत बसावे, अशी आमची सूचना आहे. नारायणगाव तेथून एस. टी.ने तासाभराच्याही वाटेवर नाही.