गीता १७.१५ आणि भिंतीवरची ओल



आज वाणीच्या तपाचा श्लोक. बोलणं कुणाला न टोचणारं, खरं, प्रिय आणि हिताचं असावं.

सध्या आम्ही फ्लॅट विकायला काढलाय. सोसायटीची एनओसी, शेअर सर्टिफिकेट, रविवारी दुपारी झोपेच्या वेळी बघायला येणारी माणसं, हे सगळं चालायचंच. अडलंय ते बेडरूमच्या भिंतीपाशी. पावसाळ्यात तिथे ओल येते. एजंट म्हणतो, "साहेब, पुट्टी मारून रंग देऊ. कुणी विचारलंच तर बघू."

म्हणजे खोटं बोलायचं नाही, फक्त गप्प बसायचं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं कलम ५५ सांगतं की घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही दिसणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगावा. पण कायदा बाजूला ठेवू. गप्प बसणं कुणाला टोचत नाही, खोटं नाही, गोडही वाटतं. तीन निकषांत पास! अडकतं ते 'हिता'त. पुढच्या जूनमध्ये त्या भिंतीला लागून कुणाचं तरी बाळ झोपणार.

सांगितलं तर भाव पडेल. लिहायला सोपंय, पण तो आकडा म्हणजे माझे चार-पाच ईएमआय.

परवा एक जोडपं येतंय. पुट्टीला नाही म्हणून कळवलंय.