कोकऱ्याच्या लग्नाची पंगत

गेल्या हिवाळ्यात एका व्याख्यानमालेत आमच्या एका विद्वान मित्रांनी ख्रिस्ती स्वर्गाचा निकाल लावून टाकला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ख्रिस्ती माणूस ज्या स्वर्गीय आनंदोत्सवाची वाट पाहतो तो मुळात सूडाचा उत्सव आहे. इथे ज्यांना हरवता आलं नाही त्यांना तिथे जळताना पाहायचं आणि वर गाणी म्हणायची. पुराव्याला त्यांनी तत्त्वज्ञ नित्शे काढला, नित्शेने पुढे केलेला जुना ख्रिस्ती लेखक तर्तुलियन काढला, आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. व्याख्यान पुढे लेख होऊन छापून आलं. त्यावर आमच्या ख्रिस्ती मंडळींपैकी काहींनी घाईघाईने खुलासे केले की छे, आमचा देव प्रेमाचा आहे, असलं काही आमच्याकडे नाहीच. मला दोघांचाही राग आला. मित्रांचा आला, कारण त्यांनी अर्धंच वाचलं होतं. आमच्या मंडळींचा आला, कारण जे पुस्तक ते हातात धरतात तेच त्यांनी पाठीमागे लपवलं.

असलं काही आमच्याकडे आहे. नव्या कराराच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. ‘हालेलुया’चा घोष अख्ख्या नव्या करारात फक्त याच अध्यायात होतो, चार वेळा, आणि पहिला घोष होतो तो बाबेल नगरी जळाली म्हणून. तिचा धूर वर चढतो आहे आणि स्वर्ग गातो आहे. मग कोकऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, लग्नाच्या मेजवानीचं आमंत्रण येतं. पण त्याच अध्यायात आणखी एक मेजवानी आहे. आकाशातल्या पाखरांना बोलावलं जातं, राजांचं आणि सरदारांचं मांस खायला. आमच्या देवळांत पहिली मेजवानी वाचतात, दुसरी सहसा वाचत नाहीत. नाताळात संगीतकार हँडेलच्या ‘मसीहा’तला हालेलुया कोरस हौसेने गातात. 1742 साली डब्लिनमध्ये ‘मसीहा’ पहिल्यांदा सादर झाला तेव्हापासून या कोरसच्या लगेच आधी एक गायक बायबलातल्या दुसऱ्या स्तोत्रातली ओळ गातो, लोखंडी दंडाने राजांना मडक्यासारखं फोडून टाकण्याची. ते ऐकल्यावरच कोरस उसळतो. हँडेलला या आनंदाचं कारण माहीत होतं.

तेव्हा प्रश्न उरतो तो बाबेल जळाली म्हणून आनंद कुणाला झाला, आणि रडलं कोण. रडणाऱ्यांची नावं आदल्या अध्यायात स्पष्ट आहेत: राजे, व्यापारी, जहाजांचे तांडेल. व्यापारी आपल्या बुडालेल्या मालाची यादी म्हणून दाखवतात. सोनं, रुपं, मोती, तलम ताग, जांभळं कापड, रेशीम, हस्तिदंत, पितळ, लोखंड, संगमरवर, दालचिनी, धूप, द्राक्षारस, तेल, सपीठ, गहू, गुरं, मेंढरं, घोडे, रथ. यादी लांबत जाते आणि शेवटी, घोडे नि रथ मोजून झाल्यावर, येतात माणसं. माणसांची शरीरं आणि माणसांचे जीव. पात्म बेटावरच्या योहानाने ही यादी पहिल्या शतकाच्या शेवटी लिहिली. बहुतेक अभ्यासक ती सम्राट दोमितियनच्या काळातली मानतात. भूमध्य समुद्रातली जहाजं रोमकडे काय काय वाहून नेत होती हे त्याला ठाऊक होतं. गुलाम हा त्या मालातला सगळ्यात खालचा माल, म्हणून सगळ्यात शेवटी. बाबेल म्हणजे रोमचा हा बाजार. तो बंद पडला, म्हणून स्वर्गात हालेलुया झाला.

ज्याला कधी कुणी विकलं नाही त्याला हे गाणं क्रूर वाटणारच. दक्षिण आफ्रिकेतले धर्मशास्त्री आलन बोसाक यांनी 1987 साली वर्णद्वेषी राजवटीच्या ऐन काळात प्रकटीकरणावर पुस्तक लिहिलं. ज्यांनी दडपशाही भोगली नाही त्यांना पात्महून आलेलं हे पत्र समजायला जड जातं, असा त्यांचा रोख आहे. बोसाक तुरुंग पाहून आले होते. आमच्या मित्रांच्या व्याख्यानात बोसाक नव्हते. फ्रेडरिक डग्लसही नव्हता. मेरिलंडमधून पळालेल्या या गुलामाने 1845 च्या आत्मकथनात बजावलं होतं की गुलाम गातात म्हणजे ते सुखात आहेत असं समजणं ही मोठी चूक आहे. दहा वर्षांनी त्याने आणखी उघड सांगितलं: आम्ही कनान देशाची गाणी गायचो तेव्हा कनान म्हणजे उत्तरेची मुक्त राज्यं, हे आमच्या मनात असायचं. म्हणजे स्वर्गाचं गाणं हाच पळून जायचा बेत होता. आणि जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ कुणाला अर्पण केली? अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. पुण्यात बसलेल्या जोतीरावांना त्या दूरच्या मुक्तीत आपल्या माणसांची मुक्ती दिसली. त्या आनंदाला सूड म्हणायचं धाडस कोण करील?

इथे घरातली गोष्ट सांगतो. माझी पणजी नगर जिल्ह्यातल्या एका गावच्या महारवाड्यातली. गावात लग्न असलं की मांडवाबाहेर, उकिरड्याच्या बाजूला, टोपली घेऊन बसायचं. पंगत उठायची, पत्रावळी गोळा व्हायच्या, त्यांवरचं उरलंसुरलं वरून टोपलीत पडायचं. भात, चिवडलेली बुंदी, खरकटी आमटी, सगळं एकात एक. घरी आणून निवडायचं आणि मुलांना वाढायचं. मिशनच्या शाळेत पोरांना घातल्यावर तिच्या कानावर प्रकटीकरण आलं. वाचता येत नव्हतं, पण एकोणिसाव्या अध्यायातलं आमंत्रण तिला पाठ होतं. माझ्या आजीला ती म्हणायची, “तिथं उष्टं न्हाई, बाय. तिथं आपल्याला बसवून वाढत्यात.” लग्नाच्या मेजवानीला बोलावणं येणं म्हणजे काय हे कुठल्याही विद्वानापेक्षा तिला जास्त कळलं होतं. मांडवाला आग लागलेली पाहायची तिची इच्छा नव्हती. तिला ताट हवं होतं.

तरीही एवढ्याने मित्रांच्या आरोपाचं पुरतं उत्तर होत नाही. तर्तुलियन खोटा नाही. कार्थेजच्या या लेखकाने तिसऱ्या शतकाच्या तोंडावर ख्रिस्ती माणसांना सांगितलं की रोमच्या आखाड्यातले खेळ पाहू नका, आणि शेवटी जिभेवरचा ताबा सुटून तो सांगत सुटला की याहून मोठा खेळ आपल्याला न्यायाच्या दिवशी पाहायला मिळेल: राजे कण्हतील, तत्त्वज्ञ जळतील, नट आगीत नाचतील, आणि मी हसेन. यात चव घेणं आहे. ते वाचून मला लाज वाटते. आखाडा बंद करा म्हणणाऱ्याने स्वर्गातच आखाडा उघडला.

पण तर्तुलियनपेक्षा धोकादायक एक प्रसंग आहे. तो नित्शेने घेतला नाही आणि मित्रांनीही घेतला नाही. 325 साली निकाया इथे बिशपांची परिषद झाली. त्याच सुमारास सम्राट कॉन्स्टंटाइनच्या राज्याला वीस वर्षं होत होती. त्याने बिशपांना राजवाड्यात मेजवानी दिली. इतिहासकार युसेबियसने ती लिहून ठेवली आहे. दाराशी नागव्या तलवारी घेतलेले पहारेकरी, त्यांच्यामधून निर्भयपणे आत जाणारे बिशप, सम्राटाबरोबर टेकून बसलेले पाहुणे. पाहणाऱ्याला वाटलं असतं की हे ख्रिस्ताच्या राज्याचंच चित्र आहे, असं युसेबियस लिहितो. थोड्याच वर्षांपूर्वी याच राज्यात ख्रिस्ती लोकांचा छळ झाला होता. त्याच रोमच्या सम्राटाच्या पंगतीत बसल्यावर बिशपांना बाबेल पडलेली दिसली, आणि ती अजून उभी आहे, तलवारी घेऊन दाराशीच उभी आहे, हे दिसलं नाही. मला वाटतं ख्रिस्ती आशेचा घात तर्तुलियनच्या आगीने जितका झाला त्याहून अधिक या जेवणाने झाला. तेच गाणं पीडिताच्या तोंडी असलं तर न्यायाची मागणी असते. राजवाड्यात ते म्हटलं गेलं की विजयाची मिरवणूक होते, आणि त्यानंतर शतकानुशतकं ज्यांना पाखंडी ठरवलं, ज्यांना जाळलं, ज्यांच्यावर धर्मयुद्धं लादली, त्यांना बाबेलचं नाव देता आलं.

खरा आक्षेप मात्र नित्शेचा नाहीच. तो दोस्तोयेवस्कीच्या इव्हान कारामाझोवचा आहे. 1880 साली पुरी झालेल्या कादंबरीतलं ‘बंड’ हे प्रकरण वाचून ज्याने स्वर्गाचा विचार केला नाही त्याने स्वर्गाबद्दल बोलूच नये. एका जमीनदार जनरलच्या आवडत्या कुत्र्याच्या पायाला आठ वर्षांच्या मुलाचा दगड लागला. खेळता खेळता लागला. जनरलने त्या मुलाला उघडं केलं, पळायला लावलं आणि आईच्या डोळ्यांदेखत त्याच्यावर शिकारी कुत्र्यांचा कळप सोडला. इव्हान म्हणतो, शेवटी तो आनंदाचा दिवस येईल, ती आई त्या जनरलला मिठी मारील, मुलगा, आई नि जनरल तिघं मिळून देवाचे मार्ग न्याय्य आहेत असं गातील. ते गाणं प्रकटीकरणातलंच आहे, पंधराव्या अध्यायातलं. इव्हान ते गायला नकार देतो. आईने स्वतःच्या दुःखाची क्षमा करावी हवी तर. मुलाच्या दुःखाची क्षमा करायचा तिला हक्क नाही. म्हणून तो आपलं प्रवेशाचं तिकीट अदबीने परत करतो.

नित्शे म्हणतो स्वर्गात सूड फार आहे. इव्हान म्हणतो तिथे क्षमा फार आहे. दोन्ही आक्षेप एकाच मेजवानीवर आहेत, आणि मला इव्हानचा जास्त टोचतो, कारण माझ्या पणजीच्या वतीने त्या गावाला क्षमा करायला मला कुणी सांगितलं तर मीही नकार देईन. तो माझा माल नाही.

दोस्तोयेवस्कीने इव्हानला युक्तिवादाने उत्तर दिलेलं नाही. त्याने पुढे एक जेवण लिहिलं. वृद्ध साधू झोसिमा वारला आहे, देहाला वास सुटला म्हणून लोक कुजबुजताहेत, आणि शवपेटीपाशी गालीलातल्या काना गावच्या लग्नाचा शुभवर्तमानातला मजकूर वाचला जातो आहे. इव्हानच्या धाकट्या भावाला, अल्योशाला, डोळा लागतो. भिंती मागे सरकतात, लग्नाची पंगत दिसते, आणि तिच्यात झोसिमा. तो सांगतो, मी एक कांदा दिला म्हणून मी इथे आहे, इथल्या पुष्कळांनी एकेकच कांदा दिला आहे. या कांद्याची गोष्ट ग्रुशेन्का नावाच्या बाईने अल्योशाला नुकतीच सांगितलेली असते. एक दुष्ट म्हातारी मरून अग्नीच्या सरोवरात पडली. आयुष्यात तिने एकच चांगलं काम केलं होतं, भिकारणीला बागेतला एक कांदा उपटून दिला होता. देवाने तिच्या रक्षक देवदूताला सांगितलं, तोच कांदा तिच्यापुढे धर आणि ओढ. ती धरून वर येऊ लागली. सरोवरातले बाकीचे तिला लटकले. तिने लाथा झाडल्या, हा माझा कांदा आहे, तुमचा नाही. हे म्हणताक्षणी कांदा तुटला.

माझं मत इथे वळतं. सुरुवातीला मी म्हणत होतो की बाबेलच्या पाडावाचं गाणं गायचा हक्क पीडितांचा आहे. तो आहेच. पण तो हक्क ‘माझा’ म्हणून मुठीत धरला की तर्तुलियन तयार होतो, आणि वारशाने पुढच्या पिढीला दिला की कॉन्स्टंटाइनची पंगत मांडली जाते.

मग त्या मुलाचं काय? इव्हानला वाटतं की स्वर्गातला सूर मुलाच्या डोक्यावरून, त्याला न विचारता जुळवला जाणार. प्रकटीकरण तसं म्हणत नाही. सहाव्या अध्यायात वेदीखाली मारल्या गेलेल्यांचे जीव आहेत, आणि ते गात नाहीत. ते ओरडून देवाला विचारतात, कुठवर? त्या स्वर्गात हालेलुयाच्या आधी गाऱ्हाणं आहे आणि देव ते गप्प करत नाही. एकविसाव्या अध्यायात देव स्वतः डोळे पुसतो. म्हणजे माणसं तिथे पोचतात ती डोळ्यांत पाणी घेऊनच. तेव्हा माझी समजूत अशी आहे: क्षमा करायची की नाही हे त्या मुलाला विचारलं जाईल. त्याच्या आईला नाही, धर्मपीठाला नाही, आणि त्याच्याऐवजी देवही उत्तर देणार नाही. तो ‘नाही’ म्हणाला तर जनरल बाहेर राहील, आणि ते न्याय्य असेल. पण विचारलं जाईल, आणि दारं उघडी राहतील. नव्या यरुशलेमेच्या बारा वेशी कधी बंद होत नाहीत असं तिथे लिहिलं आहे. ज्या पृथ्वीवरच्या राजांचं मांस पाखरांनी खाल्लं, ते पृथ्वीचे राजेच दोन अध्यायांनंतर त्या वेशींतून आपलं वैभव घेऊन आत येताना दिसतात. टीकाकारांनी यावर पुष्कळ शाई खर्च केली आहे. योहानाने ती विसंगती पुसली नाही, आणि ती आपणही पुसू नये. क्रोएशियन धर्मशास्त्री मिरोस्लाव व्होल्फ यांना बाल्कन युद्धाच्या दिवसांत एका व्याख्यानानंतर गुरू मोल्टमान यांनी विचारलं होतं, तू चेतनिकाला, त्या सर्ब सैनिकाला मिठी मारू शकशील का? व्होल्फ यांचं उत्तर होतं की नाही, पण ख्रिस्ताचा अनुयायी म्हणून मला ते करता यायला हवं असं वाटतं. उघड्या वेशींचा अर्थ मला या उत्तरात दिसतो. त्यात न जमण्याची कबुली आहे आणि मागणीही कायम आहे.

आता आमच्या मंडळींकडे वळतो, कारण मित्रांपेक्षा माझा जास्त हिशेब त्यांच्याशी आहे. ईस्टरला आपण मृत्यूवरच्या विजयाची गाणी गातो. तिरुचिरापल्लीतल्या मेलपुदूरच्या कॅथलिक दफनभूमीत दलित ख्रिस्ती आणि सवर्ण ख्रिस्ती यांच्या कबरींमध्ये भिंत घातली गेली, आणि ती काढा म्हणून दलित ख्रिस्ती लोकांना आंदोलनं करावी लागली. आमच्या महाराष्ट्रात तशी विटांची भिंत नसेल, पण सोयरीक जुळवताना मूळ जात विचारणारे ख्रिस्ती घरोघर आहेत, आणि हेच लोक कोकऱ्याच्या लग्नाची मेजवानी आपल्याला राखून ठेवलेली आहे असं धरून चालतात. स्वर्गात सूड नाही हे दाखवायला त्यांनी वर्तमानपत्रांत खुलासे लिहू नयेत. अठराव्या अध्यायातली मालाची यादी देवळात मोठ्याने वाचावी, शेवटच्या नोंदीपर्यंत, आणि रविवारच्या सभेत उभं राहून सांगावं की आपल्या घरातलं पुढचं लग्न कुठल्या घराशी ठरवायला आपली ना नाही.