मुख्याध्यापकाचा राग

शाळेच्या प्रमुखानें निर्णय करतांना मन निर्विकार ठेवावें, हा उपदेश आपण नेहमीं ऐकतों. परंतु असें मन खरोखर इष्ट आहे काय, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं.

इंग्लंडांतील रग्बी येथील शाळेचे मुख्याध्यापक थॉमस आर्नोल्ड यांची एक गोष्ट या बाबतींत बोधप्रद आहे. १८२८ सालीं त्यांनीं ती शाळा हातीं घेतली. मुलांच्या शब्दावर विश्वास ठेवणारे गुरु अशी त्यांची ख्याति होती. १८३२ सालीं एका विद्यार्थ्यास त्यांनीं पाठ्यभागांतील कांहीं विचारलें. हा भाग आमच्या वर्गांत झालाच नाहीं, असें तो म्हणाला. वर्गशिक्षकांनीं मात्र तो झाल्याचें कळविलें. झालें! मुलगा खोटें बोलला या समजुतीनें आर्नोल्ड खवळले व त्यांनीं त्यास १८ फटके मारले. पुढें कळलें कीं, मुलाचेंच म्हणणें खरें होतें. तेव्हां आर्नोल्ड यांनीं साऱ्या शाळेसमोर क्षमा मागितली.

अशा पुरुषाच्या हातून हें कसें घडलें? आमच्या मतें याचें कारण दुष्टपणा नव्हे, सत्यनिष्ठाच होय. स्वार्थापोटीं आलेला राग आपणांस ओळखूं येतो, त्याची लाजहि वाटते. सत्याचा कैवार घेऊन येणारा राग मात्र कर्तव्याचा वेष धारण करतो. त्याला दारांत कोणी अडवीत नाहीं.

मग भावनेस शाळेंतून हद्दपारच करावें काय? नाहीं. ज्या अंतःकरणानें फटके मारविले, त्यानेंच क्षमाहि मागविली. निर्विकार अधिकाऱ्यानें ‘नियमाप्रमाणें झालें’ म्हणून प्रकरण दप्तरीं दाखल केलें असतें. पीटर सॅलोव्ही व जॉन मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९९० सालीं ‘भावनिक बुद्धिमत्ते’ची जी कल्पना मांडली, तिचें मर्महि हेंच आहे: भावना मारावयाची नाहीं, ती ओळखावयाची आणि विचाराच्या कामीं लावावयाची.

हें आम्ही उंच आसनावरून सांगत नाहीं. परीक्षेच्या दालनांतून एका विद्यार्थ्यास त्याचा खुलासा न ऐकतां आम्हीं एकदां बाहेर घालविलें होतें. तो दोषी होता कीं नव्हता, हें आम्हांस आजहि ठाऊक नाहीं. मागाहून विचारण्याचें धैर्यच झालें नाहीं. शिक्षा एक रात्र थांबली, तर शिस्तीचें कांहीं बिघडत नाहीं. मनावर उठलेला वळ मात्र क्षमा मागूनहि पुसत नाहीं. आणि आम्हीं तर तीहि मागितली नाहीं.