सेन्सर चुकला, तर निकाल कुणाचा?

अमेरिकेत पाव मैलाच्या ड्रॅग रेसची, म्हणजे दोन गाड्यांच्या सरळ रेषेतल्या शर्यतीची, छोटी आवृत्ती खेळली जाते. गाड्या १/२४ मापाच्या, म्हणून १३२० फुटांचे ५५ फूट झाले. ट्रॅकमध्ये दोन खाचा, खाचेच्या कडेने वीज, हातात कंट्रोलर. पिवळे दिवे ओळीने लागतात, हिरवा दिसला की दाबायचं. वेगवान गाडी सेकंद पुरा व्हायच्या आत पलीकडे पोचते. एवढ्यात कोण जिंकलं हे डोळ्यांना सांगता येत नाही, सांगतात ते दोन्ही टोकांचे इन्फ्रारेड सेन्सर. आणि सेन्सर म्हटला की तो कधीतरी दगा देणारच. कधी ऊन थेट त्याच्यावर पडतं, कधी पकडीसाठी ट्रॅकवर मारलेला चिकट द्रव त्याच्या तोंडाशी साचतो.

मग वाद सुरू. ‘पुन्हा पळवा’ हा तोडगा ऐकायला निःपक्षपाती वाटतो, पण तसा तो नाही. हिरवा लागताक्षणी सुटलेल्याला ते पुन्हा जमेलच असं नाही आणि दिव्यापाशी झोपलेल्याला मात्र दुसरी संधी फुकट मिळते. शिवाय मोटर तापलेली असते, ती वेगळीच. म्हणून फेरशर्यत हा माझ्या मते शेवटचा उपाय असावा. आधी विचारावं, नेमकं काय कळलं नाही? एकाने हिरव्याआधी गाडी सोडून लाल दिवा लावला असेल, तर शेवटच्या रेषेचा सेन्सर बंद पडला म्हणून त्याची चूक पुसली जात नाही. एकाची गाडी अर्ध्यात खाचेतून उडाली असेल, तर दुसरा जिंकला, घड्याळ हवं कशाला? विजेत्याचा दिवा बरोबर लागला पण वेळेचा आकडा उमटला नाही, तर विजय कायम. फक्त तो वेळ विक्रमात धरू नये. एवढं करूनही काही हाती लागलं नाही, तरच मोटर थंड होऊ द्यावी आणि पुन्हा पळवावं.

खरी पंचाईत आकडा उमटतो पण तो अशक्य असतो तेव्हा. दिवसभर एका वेळेच्या आसपास पळणारी गाडी अचानक त्याच्या निम्म्यात आली, तर तिचा मालक तक्रार करायला जात नाही. समोरच्याला असा आकडा मिळाला की मात्र यंत्र बिघडलेलं असतं. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं! म्हणून किती फरक अशक्य मानायचा हे पहिल्या जोडीआधीच लिहून ठेवावं. फायदा कुणाला होणार हे माहीत नसतं तेव्हाच माणसं बरे नियम करतात.

यंत्र बिघडलं नाही तरी त्याला किती कळतं, हा प्रश्न उरतोच. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जलतरणाच्या ४०० मीटर वैयक्तिक मेडलेत स्वीडनचा गुन्नार लार्सन ४:३१.९८१ वेळात आला आणि अमेरिकेचा टिम मॅकी ४:३१.९८३ वेळात. दोन हजारांश सेकंदावर सुवर्णपदक ठरलं. पुढे जलतरणाने शतांशापलीकडे बघणंच सोडलं. शतांशापर्यंत बरोबरी झाली, तर पदक दोघांना. तलावाच्या दोन लेन तितक्या काटेकोर सारख्या बांधता येत नाहीत, हे त्यात मान्य केलेलं आहे. आता आपल्या ५५ फुटांचा हिशेब करा. पाऊण सेकंदाच्या आत धावणारी गाडी हजारांश सेकंदात सुमारे इंचभर पुढे जाते. दशसहस्रांशाने जिंकलेली शर्यत म्हणजे दोन-अडीच मिलिमीटर, आणि तेवढा तर सेन्सर बसवणाऱ्याचा हातही हलतो. तिथे एकाला विजेता म्हणणं म्हणजे सुताराला बक्षीस देणं.

दाद कुणाकडे मागायची आणि किती वेळात, हेही ठरलेलं असावं. त्या फेरीत न पळणारा माणूस निर्णय देईल, आणि पुढची जोडी रेषेवर आली की तक्रार संपली. रात्री निकालपत्र वाचून आठवलेल्या अन्यायाला काही किंमत नको.

तुमच्याकडे असा ट्रॅक असेल, तर शर्यतीआधी एक सरळ पट्टी खाचांना काटकोनात, दोन्ही लेनवर आडवी धरून शेवटच्या रेषेवरून हळू सरकवा. दोन्ही सेन्सर एकदम लागले नाहीत, तर आधी ते सरळ करा आणि मगच नावं नोंदवायला घ्या.