डागडुजी की झिलई?

माझा भाचा औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, शहागंजजवळ छोटा फोटो स्टुडिओ चालवतो. लग्नाच्या हंगामात त्याच्याकडे फोटो साफ करण्याचे काम रात्री उशिरापर्यंत चालते. परवा तो विचारायला आला, "मामू, एक प्लगइन विकत घेऊ का? महाग आहे, पण तासाचं काम मिनिटात होतं." प्लगइन म्हणजे फोटोशॉपसारख्या प्रोग्रामला जोडायची पुरवणी. एखादी पुरवणी अंधारात काढलेल्या फोटोतले दाणे काढते, दुसरी रंग सुधारते, तिसरी चेहरा गुळगुळीत आणि उजळ करते. प्रश्न हिशेबाचा होता, पण मला तो हिशेबावर संपवता येईना.

पहिला पेच पैशाचाच होता. कुलूप तोडलेली प्रत बाजारात फुकट मिळते. भाच्याने दाखलाही दिला. निक सॉफ्टवेअर ही कंपनी गूगलने 2012 मध्ये घेतली. 2016 मध्ये तिचा संच सर्वांना फुकट दिला. 2017 मध्ये तो डीएक्सओ कंपनीकडे गेला आणि पुढच्या आवृत्त्यांना पुन्हा किंमत लागली. "काल फुकट होतं ते आज तसंच घेतलं तर चोरी कशी?" मी म्हटले, "शेजाऱ्याने एका ईदला शीरखुर्मा वाटला, म्हणून दुसऱ्या ईदला त्याच्या चुलीवरचं पातेलं उचलून आणता येत नाही." देणाऱ्याने दिले तर ती देणगी, न विचारता घेतले तर त्याचा हक बुडाला. एवढे त्याला पटले.

दुसरा पेच त्याच्याच घरातला होता. दोन वर्षांपूर्वी आपाच्या आग्रहावरून त्याने आपल्या बहिणीचा रिश्त्यासाठीचा फोटो अशाच पुरवणीने उजळला होता. पाहुणे आले, चहा झाला, मोबाईलमधल्या फोटोकडे आणि मुलीकडे आळीपाळीने पाहून गेले. नंतर निरोप आला की फोटोत मुलगी वेगळी दिसत होती. ती रडली नाही. भावाला एवढेच म्हणाली, "उनो फोटो पसंद करे थे भाईजान, नापसंद तो मैं हुई."

हदीसमधला एक प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. मदिनेच्या बाजारात पैगंबरांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले. दोष पावसाचा नव्हता, लपवण्याचा होता. पण रिश्त्याच्या फोटोत याहून मोठी चूक होते. ओले धान्य खरोखर खराब असते. सावळा रंग खराब नसतो. सूरह रूममध्ये माणसांच्या भाषा आणि रंग वेगवेगळे असणे ही अल्लाहची निशाणी म्हटली आहे. ती निशाणी झाकून आपण पाहुण्यांना फसवतोच. शिवाय मुलीला तिच्याच घरात सांगतो की तुझ्यात खोट आहे.

मग फोटोला हातच लावू नये का? याचे उत्तर आपल्या जिल्ह्यातल्या अजिंठ्यात सापडते. निजाम सरकारने 1920 नंतर तिथली चित्रे वाचवण्यासाठी इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटू लागलेला गिलावा भिंतीला पक्का केला. त्या कामाने चित्रे टिकली. पण वरून रोगणाचा थरही दिला गेला. काही वर्षांत तो पिवळा पडला आणि मूळ रंग झाकले गेले. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो जपून उतरवावा लागला. हेतू दोन्ही कामांचा चांगला होता. एक डागडुजी होती, दुसरी झिलई.

हाच फरक मी भाच्याला सांगितला. कॅमेऱ्याच्या उणिवेने आलेले दाणे काढणे ही डागडुजी आहे. आठ दिवसांत जाणारी पुटकुळी काढली तरी हरकत नाही. पण रंग, तीळ, व्रण जन्माचे सोबती आहेत; ते पुसण्याचा हक स्टुडिओला नाही. तो म्हणाला, "गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल, मामू." जाईल, हे खरे आहे. काही गेलेही. भाडे मात्र थांबत नाही, हे मलाही कळते.

त्याने दाणे काढणारी पुरवणी पैसे मोजून घेतली. चेहरा उजळणारी घेतली नाही. भाचीने खिडकीजवळ बसून नवा फोटो काढून घेतला. रिश्ता अजून जमलेला नाही. आपा आता तोच फोटो पाठवते.